केवड्याचा वास पडद्यातून का येत नाही

२०२० सालचा गुढीपाडवा २५ मार्चला आला. देशव्यापी टाळेबंदीचा तोच पहिला दिवस. मुंबईच्या लोकल गाड्या त्याआधीच थांबल्या होत्या आणि लोकल थांबली की दादरचा फुलबाजारही थांबतो. वसई-पालघरकडचा सोनचाफा आणि मोगरा पहाटेच्या गाड्यांतूनच दादरला उतरतो. पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी स्टेशनबाहेर कडुनिंबाचे डहाळे, आंब्याची पाने, साखरेच्या गाठी आणि झेंडूचे ढीग यांतून वाट काढावी लागते. त्या वर्षी तो रस्ता मोकळा होता. अनेक घरांत गुढी उभी राहिली ती कपाटातली साडी, घरातला तांब्या आणि खालच्या अंगणात मिळाला तर कडुनिंब, एवढ्यावरच. तिचे फोटो मात्र सकाळी आठपर्यंत सगळ्या नातेवाइकांच्या फोनवर पोचले होते.

पुढचे वर्षभर असेच गेले. २२ ऑगस्टला गणेश चतुर्थी आली तेव्हा सार्वजनिक मूर्तीला चार फुटांची आणि घरगुती मूर्तीला दोन फुटांची मर्यादा होती. दर्शन ऑनलाइन घ्या, असे मंडळेच सांगत होती. लालबागच्या राजाच्या मंडळाने त्या वर्षी उत्सव न करता रक्तदान आणि प्लाझ्मादानाचा आरोग्योत्सव केला. या मंडळाचा जन्म बाजारातून झाला, हे इथे मुद्दाम सांगायला हवे. १९३२मध्ये पेरू चाळीजवळचा बाजार बंद पडला. उघड्यावर बसणाऱ्या कोळी बांधवांनी आणि विक्रेत्यांनी हक्काच्या जागेसाठी गणपतीला नवस केला. जागा मिळाली आणि १९३४मध्ये तिथे मूर्ती बसली. आज देशभर पोचलेला हा गणपती मुळात मासे आणि भाजी विकणाऱ्यांचा. सण आणि बाजार यांना एकमेकांपासून वेगळे काढणे किती अवघड आहे, हे याहून स्पष्ट सांगणारा दाखला मला माहीत नाही.

हे फक्त आपल्याकडेच घडले नाही. जर्मनीत ड्रेस्डेनचा नाताळबाजार १४३४पासूनचा. तो आणि न्यूरेंबर्गचा प्रसिद्ध नाताळबाजार असे दोन्ही २०२०च्या हिवाळ्यात भरले नाहीत. दालचिनी-लवंग घालून उकळलेली गरम वाइन आणि मसाल्याची बिस्किटे हा त्या बाजारांचा वास. लोकांना खंतही त्याचीच वाटली. दिव्यांची रोषणाई चित्रात पाहता येत होती.

इथेच या प्रकरणाचा प्रश्न आहे. सण ऑनलाइन गेला तेव्हा तारेतून काय आले आणि काय आले नाही? फोनच्या पडद्याला दोनच इंद्रिये कळतात, डोळा आणि कान, आणि त्यांतलाही कान अर्धवट. बाजारात तर पाचही इंद्रिये कामाला लागतात. सर्वांत जास्त काम पडते ते नाकाला आणि हाताला. नेमक्या याच दोघांसाठी पडद्यावर जागा नाही.

आधी नाकाचे पाहू. रंग पडद्यावर कसा दिसतो? आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या आहेत. म्हणून तांबडा, हिरवा आणि निळा अशा तीन ठिपक्यांच्या मिश्रणातून झेंडूचा केशरी, जास्वंदीचा लाल आणि शेवंतीचा पिवळा असे सगळे रंग उभे करता येतात. वासाला असे तीन मूळ घटक नाहीत. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१मध्ये वास ओळखणाऱ्या ग्राहींची जनुके शोधून काढली आणि २००४मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळाले. माणसाच्या नाकात असे सुमारे ४०० प्रकारचे ग्राही काम करतात. एकच रेणू अनेक ग्राहींना कमी-अधिक जागवतो आणि एकच ग्राही अनेक रेणूंना प्रतिसाद देतो. केवडा ओळखायचा म्हणजे या शेकडो ग्राहींतले कोणते किती जागले, याचा नकाशा मेंदूने वाचायचा. तीन ठिपक्यांच्या जागी चारशे ठिपके लागतील असा हा मामला आहे.

शिवाय वास हा द्रव्याचा प्रवास आहे. प्रकाश आणि आवाज यांची नोंद आकड्यांत करता येते आणि ते आकडे दुसऱ्या टोकाला पुन्हा प्रकाशात किंवा आवाजात बदलता येतात. वासासाठी मात्र फुलातून उडालेला रेणू स्वतः तुमच्या नाकापर्यंत यावा लागतो. केवड्याच्या तेलात फिनाइल इथाइल मिथाइल ईथर नावाचे द्रव्य भरपूर असते. कणसाची पाने उलगडली की ते हवेत उडते, नाकाच्या छतावरच्या ओलसर पडद्यात विरघळते आणि तिथल्या चेतापेशींच्या टोकांना प्रत्यक्ष भिडते. बाहेरच्या हवेशी मेंदूचा इतका थेट संबंध दुसऱ्या कोणत्याच इंद्रियात येत नाही.

वास दूर पाठवण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. १९६०मध्ये अमेरिकेत ‘सेंट ऑफ मिस्ट्री’ नावाचा चित्रपट आला. त्यात प्रसंगानुसार खुर्च्यांजवळच्या नळ्यांतून वास सोडले जात. काही प्रेक्षकांपर्यंत वास उशिरा पोचे, नळ्यांचा फुसफुस आवाज ऐकू येई आणि आधीचा वास हटत नसल्याने पुढचा त्यात मिसळे. चित्र पुसून दुसरे लावता येते, खोलीत भरलेला वास असा पुसता येत नाही. पुढे इंटरनेट आल्यावर संगणकाला जोडायचे ‘आयस्मेल’ नावाचे यंत्र गाजावाजा करून जाहीर झाले. शंभराहून अधिक वासांची कुपी त्यात बसवायची कल्पना होती. ते बनवणारी कंपनी २००१मध्ये बंद पडली.

आता वासाचा दुसरा, अधिक जिव्हाळ्याचा भाग. डोळा, कान आणि त्वचा यांचे संदेश मेंदूत थॅलॅमस नावाच्या चौकीतून पुढे जातात. वासाचा संदेश त्या चौकीला वळसा घालून थेट भावना आणि आठवण यांच्याशी जोडलेल्या भागांकडे पोचतो. म्हणून चकलीच्या भाजणीचा, उटण्याचा किंवा नव्या आकाशकंदिलाच्या खळीचा वास आला की आधी पोटात काहीतरी हलते आणि मग लक्षात येते की हे दिवाळीचे आहे. नाव नंतर आठवते, काळीज आधी ओळखते. मराठी माणूस जगात कुठेही गेला तरी अष्टगंध आणि कापूर यांच्या वासाने त्याचे घर दोन क्षणांत उभे राहते, ते याच वाटेने.

आणि २०२०मध्येच, बाजार बंद असताना, लाखो लोकांचे नाकही बंद झाले. कोरोनाच्या विषाणूने वास ओळखणाऱ्या चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींवर हल्ला केला. कित्येकांना या आजाराची पहिली खूण कळली ती देवापुढच्या उदबत्तीचा वास येईना म्हणून, किंवा फोडणी करपली तरी कळले नाही म्हणून. वास हे दुय्यम इंद्रिय आहे, गेले तर फारसे बिघडत नाही, असे अनेकांना वाटायचे. त्या वर्षी लोकांनी सांगितलेले अनुभव याच्या अगदी उलट होते. जेवणातला जीव गेला, घर परके वाटू लागले, स्वतःच्या मुलाच्या केसांचा वास येईना. वास परत यावा म्हणून डॉक्टर रोज लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी असे ठरावीक वास हुंगण्याचा सराव द्यायचे. नाकाला वासांच्या सहवासाची गरज असते, ही गोष्ट त्या काळात औषधाच्या चिठ्ठीवर आली. सणाचा बाजार हा सहवास पिढ्यान्‌पिढ्या फुकट देत आला आहे.

बाजारात वास नुसता तीव्र नसतो, तो पावलोपावली बदलतो. नाक फार लवकर सरावते. घरात एकच उदबत्ती लावली तर थोड्या वेळाने ती लावल्याचेही जाणवत नाही. पण गणपतीच्या आदल्या दिवशी पुण्याच्या मंडईत शिरा. आधी ओल्या दुर्वांचा हिरवा वास, मग केळीच्या चिरलेल्या खांबांचा तुरट, दोन पावलांवर पिकल्या चिबुडाचा गोडसर, मग कापराच्या दुकानाशी नाकात एकदम थंडावा. हा थंडावा खरे तर वास नाही, चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या वेगळ्याच नसेचे ते काम आहे. प्रत्येक वळणावर नवा वास आल्यामुळे नाकाला सरावण्याची संधीच मिळत नाही. भाद्रपदाच्या दमट, कोंदट हवेत वास नाकाशी रेंगाळतात. महात्मा फुले मंडईची दगडी इमारत १८८६मधली. ती बांधण्यावर पालिकेने मोठा खर्च करण्याला स्वतः जोतीराव फुल्यांनी विरोध केला होता, तो पैसा शिक्षणाला द्यावा म्हणून. त्यांचेच नाव पुढे तिला मिळाले. या इमारतीत आणि तिच्या भोवती भरणारा बाजार हीदेखील एक शाळाच आहे, असे मला मनापासून वाटते.

ही शाळा काय शिकवते? पारख. नारळ घेताना बाई तो कानाशी नेऊन हलवतात आणि पाण्याच्या आवाजावरून भरलेला की आटलेला ते सांगतात. झेंडू घेताना मुठीत धरून वजन पाहतात, कारण पाणी मारलेले फूल जड लागते आणि संध्याकाळपर्यंत सडते. चिबूड देठाकडून हुंगतात. शाडूची मूर्ती हळूच टिचकी मारून पाहतात. शाडू आणि प्लास्टर यांचा आवाज वेगळा येतो, वजनही वेगळे. विक्रेता स्वतःच म्हणतो, “ताई, हात लावून बघा की.” ग्राहकाला हे वाक्य म्हणजे आग्रह वाटतो, पण त्यामागे पक्के शहाणपण आहे. जोआन पेक आणि सुझन शू या दोन संशोधिकांनी २००९मध्ये दाखवून दिले की वस्तूला नुसता हात लावला तरी ती आपली वाटू लागते आणि माणूस तिची किंमत जास्त धरतो. मंडईतल्या मावशींना हे कुणी न सांगता ठाऊक असते.

मूर्तीच्या बाबतीत तर पडदा फारच तोकडा पडतो. मूर्तिकार शेवटचे काम करतो ते डोळ्यांच्या आखणीचे, आणि लोक मूर्ती निवडतात तीही डोळ्यांवरूनच. पेणच्या किंवा गिरगावातल्या कारखान्यात गिऱ्हाईक काय करते ते पाहा. ते समोर उभे राहते, मग जरा डावीकडे सरकते, मग उजवीकडे, मग खाली वाकून मुलाच्या उंचीवरून बघते. आपण हललो की मूर्तीची नजर आपल्याबरोबर येते का, हे ते शरीराने तपासत असते. फोटो एका जागेवरून काढलेला असतो. त्यात मूर्ती सुंदर दिसते, पण ती आपल्याकडे बघते आहे की नाही, हे कळायला आपल्याला हलावे लागते.

कानाची गोष्ट थोडक्यात सांगतो, पण ती सोडून देण्यासारखी नाही. बाजारातला गोंगाट आपल्याला गोंधळ वाटतो. तरी त्यातून “शेवंती पावकिलो” ही एकच हाक आपण बरोबर उचलतो. कॉलिन चेरी या शास्त्रज्ञाने १९५३मध्ये या क्षमतेवर प्रयोग केले. दोन कानांपर्यंत आवाज पोचण्यातल्या सूक्ष्म फरकावरून मेंदू दिशा ओळखतो आणि हव्या त्या आवाजावर लक्ष रोखतो. व्हिडिओ कॉलवर सगळे आवाज एकाच भोकातून येतात, त्यामुळे दोघे एकदम बोलले की दोघांचेही ऐकू येत नाही. २०२०मध्ये ज्यांनी कॉलवर एकत्र आरती केली त्यांना हे आठवत असेल. एक घर ‘जय देव’ म्हणून पुढच्या ओळीवर गेलेले, दुसरे अजून मागे, आणि टाळ्यांचा ताल कुठेच जमत नव्हता. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे मंडपात दहा मीटरवर उभ्या माणसाची टाळी आपल्याला एका सेकंदाच्या सुमारे चौतिसाव्या हिश्शात ऐकू येते. एवढा उशीर ताल सांभाळून घेतो. इंटरनेटवरचा उशीर कितीतरी पट मोठा असतो आणि तो क्षणोक्षणी कमी-जास्त होतो. त्यात भर म्हणजे कॉलचे सॉफ्टवेअर माणसाचे बोलणे तेवढे कामाचे समजते आणि झांज, टाळ, घंटा यांचा आवाज गोंगाट म्हणून दाबून टाकते. आरतीतले अर्धे त्याने आधीच काढून टाकलेले असते.

या सगळ्याहून मला जास्त महत्त्वाची वाटते ती पत्री. गणपतीला एकवीस प्रकारची पाने वाहतात: माका, बेल, दुर्वा, बोर, धोत्रा, तुळस, शमी, आघाडा, डोरली, कण्हेर, रुई, अर्जुन, विष्णुक्रांता, डाळिंब, देवदार, मरवा, पिंपळ, जाई, केवडा, हादगा, मालती. ही यादी पुस्तकात वाचून कुणाच्या लक्षात राहत नाही. ती राहते हातात घेऊन. आघाड्याचा तुरा बोटाला उलटा घासला की टोचतो. मरवा चुरगळला की हात दिवसभर सुगंधी राहतो. रुईचे पान तुटले की पांढरा चीक येतो, आणि तो डोळ्याला लागू द्यायचा नाही हे विकणारी मावशीच बजावते. धोत्रा, कण्हेर आणि रुई विषारी आहेत. त्यांची ओळख मुलांना सणाच्या निमित्ताने मोठ्यांच्या हातून व्हावी, ही सोय मला फार मोलाची वाटते. बाजारातल्या जुडीत एकवीस पाने दरवेळी नसतात, हेही खरे. पण काय नाही हे विचारता येते आणि उत्तर मिळते. ॲपवरच्या ‘पत्री संच’ नावाच्या पुडक्यात काय आहे आणि काय नाही, हे विचारायला समोर कुणी नसते.

गोव्यात तर हे शिक्षण छताला टांगलेले असते. तिथे चवथीला गणपतीच्या मूर्तीवर लाकडी चौकट बांधून तिला रानातली फळे, फुले आणि वेली लटकवतात. तिचे नाव माटोळी. आंबाडे, तोरंजन, चिबूड, फागलां, सुपारीचे घोस, मालकांगोणीचे झुपके, आणि वाळल्यावर आतल्या बिया खुळखुळणाऱ्या घागऱ्यो असे कितीतरी जिन्नस त्यात असतात. चवथीच्या आधी म्हापसा, फोंडा, डिचोली, मडगाव इथे माटोळीचा बाजार भरतो. रान ओळखणारी माणसे टोपल्या घेऊन डोंगरातून उतरतात आणि शहरी गिऱ्हाईक त्यांना विचारते, हे काय, हे कुठे उगवते, हे खातात का. सत्तरीच्या रानातले ज्ञान पणजीच्या फ्लॅटमध्ये पोचण्याची ही वर्षातली एकमेव खिडकी असते. दुकानात प्लास्टिकच्या फळांच्या माटोळ्याही मिळतात. त्या टिकाऊ आहेत, स्वच्छ आहेत, पण त्यांच्यामागे रान नाही आणि रान राखण्याचे कारणही नाही. जी वनस्पती कुणी विकत घेत नाही ती ओळखणारा माणूस दोन पिढ्यांत नाहीसा होतो, आणि मग ती वनस्पती गेली तरी कुणाला कळत नाही.

दुसरी बाजू मांडल्याशिवाय पुढे जाणे योग्य होणार नाही. ऑनलाइन दर्शनाने अंथरुणाला खिळलेल्या आजी-आजोबांना लालबाग आणि दगडूशेठ दाखवले. रांगेत तासन्‌तास उभे राहणे ज्यांना शक्य नाही अशांना पडदा हाच आधार आहे. न्यू जर्सी किंवा मेलबर्नमधल्या मराठी घरात आजी कॉलवरून उकडीचे मोदक शिकवते, तेव्हा एक परंपरा खरोखर समुद्र ओलांडते. याला कमी लेखणे अन्याय होईल. तरी त्या कॉलवरही नीट पाहा. उकड किती मऊ हवी हे आजीला सांगता येत नाही. ती म्हणते, “हाताला चिकटता कामा नये,” आणि पलीकडच्या सुनेला ते स्वतःच्या हातानेच शोधावे लागते. ज्ञानाचा तो भाग तारेतून जातच नाही.

बाजार बंद राहिल्याची किंमत ज्यांनी भरली त्यांचाही उल्लेख व्हायला हवा. फूल हा नाशवंत माल. मोगऱ्याची कळी पहाटे मिटलेली खुडतात, म्हणजे ती संध्याकाळी गिऱ्हाइकाच्या घरी उमलते. तिच्या आयुष्यात बाजारासाठी जेमतेम काही तास असतात, म्हणून दादरचा घाऊक व्यवहार उजाडण्याआधी सुरू होतो. २०२०मध्ये अनेक शेतकऱ्यांनी फुले शेतातच सोडून दिली किंवा उभ्या पिकावर नांगर फिरवला. मुंबईची लोकल सर्व महिलांसाठी खुली झाली ती २१ ऑक्टोबर २०२०ला, ठरावीक वेळांसाठी. तोपर्यंत पाडवा, गणपती आणि घटस्थापना होऊन गेल्या होत्या. पहाटेच्या गाडीने टोपली घेऊन येणाऱ्या बायकांसाठी हे वर्ष सणांचे नव्हते.

टाळेबंदी उठली आणि बाजार पुन्हा भरले. पण सवय मागे राहिली. आता मोठ्या शहरांत दुर्वांची जुडी, जास्वंदीचे फूल आणि तयार मोदक ॲपवरून काही मिनिटांत दारात येतात. नोकरी, प्रवास आणि घर सांभाळणाऱ्या माणसाला ही सोय नाकारायला सांगण्याचा अधिकार कुणालाही नाही. मात्र सगळ्याच गोष्टी तिच्यावर सोपवू नयेत, असे माझे ठाम मत आहे. कापूर, वाती, उदबत्ती, रांगोळी ही बंद पुडीत येणारी सामग्री खुशाल मागवा. मूर्ती, फुले, नारळ आणि पत्री यांसाठी मात्र स्वतः जा, कारण त्यांची पारख हात आणि नाक यांनीच होते, आणि ही दोन इंद्रिये शिकवल्याशिवाय शिकत नाहीत.

जाताना घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या लहान मुलाला बरोबर घ्या. गर्दी वाढण्याआधी, सकाळी लवकर जा, म्हणजे विकणाऱ्या मावशींना बोलायला सवड असते. नारळ मुलालाच हलवू द्या. मरवा चुरगळायला द्या, केवड्याचे कणीस हुंगायला द्या, प्रत्येक पानाचे नाव विचारा आणि मावशींनी सांगितलेले नाव त्याच्याकडून म्हणवून घ्या. आणि घरी आल्यावर धोत्रा, कण्हेर आणि रुई हाताळलेले हात साबणाने धुवायला सांगा.